भीती कुणाची वाजवी?



अंगावर कुणी धावून आलं आणि जीव वाचवण्यासाठी तुम्ही हात उचललात, तर तो गुन्हा ठरत नाही. हे आपल्याकडच्या कायद्यात आहे, अमेरिकेतही आहे. पण घाव बसेपर्यंत थांबा असं कायदा म्हणत नाही. जिवाची वाजवी भीती वाटली तरी पुरे. सगळी गोम आहे ती या 'वाजवी' शब्दात. भीती वाजवी होती की नाही, हे घाबरलेला माणूस ठरवत नाही. ते पोलीस, सरकारी वकील आणि न्यायालय (अमेरिकेत ज्युरी) ठरवतात. अमेरिकेत या शब्दाला गोऱ्यांसाठी एक माप लागलं आणि काळ्यांसाठी दुसरं, हे मला आज सांगायचं आहे. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केला. म्हणजे या प्रश्नाशी आपलं नातं जुनं आहे.

1925 सालचं डेट्रॉइट शहर. डॉ. ओसियन स्वीट या तरुण कृष्णवर्णीय डॉक्टरने गोऱ्यांच्या वस्तीत, गार्लंड अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, साडेअठरा हजार डॉलरला घर घेतलं. 8 सप्टेंबरला बिऱ्हाड आलं. सामानाबरोबर बंदुकाही आल्या, कारण त्या उन्हाळ्यात अशाच वस्त्यांतून काळ्या कुटुंबांना जमावाने हुसकावून लावलं होतं. दुसऱ्या रात्री घरासमोर गर्दी जमली. दगड येऊ लागले, काचा फुटल्या. पोलीस तिथेच उभे होते. तेवढ्यात घरातून गोळ्या सुटल्या आणि रस्त्यापलीकडचा एक गोरा माणूस ठार झाला. घरातल्या अकराही जणांवर खुनाचा आरोप ठेवला गेला. त्यांत डॉक्टरची पत्नी ग्लॅडिसही होती.

आता सरकार पक्षाचं म्हणणं ऐका: तिथे जमाव नव्हताच! साक्षीदारांमागून साक्षीदार येऊन तेच सांगत होते. एक जण मात्र बोलता बोलता फसला. मोठी गर्दी होती, असं तो म्हणाला. मग सावरून, बरीच माणसं होती, म्हणाला. शेवटी, थोडी माणसं होती, यावर आला. बचावाचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी विचारलं की, थोडी माणसं म्हणायचं विसरलात ना? तो हो म्हणून गेला. साक्ष पढवलेली होती, हे भर कोर्टात उघड झालं.

पण मला त्याहून मोठी वाटते ती न्यायमूर्ती फ्रँक मर्फी यांची भूमिका. दाराबाहेरची गर्दी पाहून स्वीटच्या मनात काय आलं, हे त्याला सांगू द्यायचं की नाही, असा वाद झाला. मर्फींनी सांगू दिलं. फ्लोरिडातल्या बार्टो गावी लहानपणी स्वीटने काळ्या माणसाला जमावाने जिवंत जाळलेलं पाहिलं होतं. दार उघडल्यावर समोर आपल्या लोकांच्या आजवर पाठीस लागलेला तोच जमाव दिसला, असं तो म्हणाला. त्याच्या भीतीला इतिहास होता, आणि तो पुरावा म्हणून ऐकला गेला. ज्युरीतले बाराही पुरुष गोरे होते. त्यांचं एकमत झालं नाही. पुढे 1926 च्या मे महिन्यात डॉक्टरचा धाकटा भाऊ हेन्री निर्दोष सुटला, आणि मग बाकीच्यांवरचे खटलेही मागे घेतले गेले.

आता त्याच फ्लोरिडात येऊ. 2005 मध्ये तिथे 'स्टँड युवर ग्राउंड' कायदा झाला. पूर्वी घराबाहेर असाल, तर सुखरूप निसटता येत असताना प्राणघातक बळ वापरायची मुभा नव्हती; ती अट गेली. आज निम्म्याहून अधिक राज्यांत हेच तत्त्व आहे. 26 फेब्रुवारी 2012 ला सॅनफर्डमध्ये 17 वर्षांचा ट्रेव्हॉन मार्टिन दुकानातून खाऊच्या गोळ्यांचं पाकीट आणि शीतपेय घेऊन परतत होता. वस्तीवर पहारा ठेवणाऱ्या जॉर्ज झिमरमनला त्याचा संशय आला, आणि त्यातून झालेल्या झटापटीत त्याने मुलाला गोळी घातली. अटक व्हायला सहा आठवडे लागले. 2013 च्या जुलैमध्ये स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर तो निर्दोष सुटला. निःशस्त्र मुलाच्या मागे अनोळखी माणूस लागला होता. त्या मुलाची भीती सांगायला कोर्टात कोण होतं?

मारिसा अलेक्झांडरची गोष्ट त्याच राज्यातली, जॅक्सनव्हिलची. ही कृष्णवर्णीय बाई नऊ दिवसांची बाळंतीण होती आणि नवरा पूर्वीही मारहाण करत आलेला. 2010 मध्ये भांडणात तिने गॅरेजमधल्या गाडीतून पिस्तूल आणलं आणि एक गोळी भिंतीत झाडली. कुणालाही इजा झाली नाही. न्यायाधीश म्हणाले, गॅरेजपर्यंत गेलीस, मग परत घरात का आलीस? म्हणजे जागेवरून न हटण्याचा हक्क देणाऱ्या राज्यात तिने मात्र हटायला हवं होतं. ज्युरीने 12 मिनिटांत दोषी ठरवलं; शिक्षा वीस वर्षं. पुढे अपील न्यायालयाने ती रद्द केली, कारण स्वसंरक्षण सिद्ध करण्याचं ओझं ज्युरीला दिलेल्या सूचनेत तिच्याच डोक्यावर टाकलं होतं. तरी समझोता करून तीन वर्षांची शिक्षा पत्करल्यावरच ती 2015 मध्ये बाहेर आली.

केवळ अपवाद निवडून आणलेत, असं कुणी म्हणेल. तर आकडे पाहा. अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने एफबीआयच्या 2005 ते 2010 च्या नोंदी तपासल्या. गोऱ्याने काळ्याला मारलं तेव्हा सुमारे 11 टक्के हत्या समर्थनीय ठरल्या; काळ्याने गोऱ्याला मारलं तेव्हा 1 टक्क्याच्या आसपास. प्रत्येक प्रसंगाची परिस्थिती या नोंदींत पुरती उतरत नाही, हे मान्य. पण एवढी मोठी दरी नुसत्या योगायोगाने पडत नाही.

स्वीट सुटला, पण ग्लॅडिसला क्षय झाला. तो तुरुंगातच जडला, असं सांगतात. दोन वर्षांची मुलगी 1926 मध्ये गेली, ग्लॅडिस दोन वर्षांनी. गार्लंड अव्हेन्यूवरच्या त्या घरात डॉक्टर एकटा उरला.