तरुण वयातील आमवात : पथ्य, विहार आणि औषध
(मांजरसुंबा येथील रुग्ण-नातेवाईक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांधेदुखी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गुडघ्यांवर हात टेकून उठणारी आजी येते. आज आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत ती रुग्णा अवघी तेवीस वर्षांची आहे. याच बालाघाटाच्या डोंगरातील एका वस्तीवर तिचे घर. नाव सांगत नाही. कदाचित ती या मंडपात बसलेलीही असेल.

लग्नानंतर वर्षभरात तिला सकाळी मूठ वळेनाशी झाली. दोन्ही हातांची पेरे आणि मनगटे सारखीच सुजत. पीठ मळवत नसे, भाकरी थापवत नसे. दोन तासांनी मात्र हात मोकळे होत आणि दुपारी ती धुणे धुताना दिसे. सासूबाईंना वाटले, सून कामचुकार आहे. त्यांना फारसा दोष देता येणार नाही, कारण हा रोग सकाळी एक आणि दुपारी दुसरेच रूप दाखवतो. सकाळची ही दीर्घ आखड हीच त्याची मोठी खूण आहे.

आयुर्वेदात माधवनिदानाने आमवात या नावाने स्वतंत्र व्याधी वर्णिली आहे. आजचे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्याच्याशी तिची लक्षणे बरीच जुळतात. शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांच्या आतील अस्तरावर उलटते आणि पुढे हाडही कुरतडले जाते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर पाहणी केली, तेव्हा दर हजार प्रौढांमागे सुमारे पाच जणांना हा रोग आढळला. स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांहून अधिक असते.

ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्या पिशवीत पथ्याची एक वही होती. आंबट नको, दही-ताक नको, टोमॅटो, वांगे, बटाटा, तूरडाळ, हरभरा, काहीच नको! सहा महिने तिने ते निष्ठेने पाळले. वजन उतरले, रक्त कमी झाले, सूज होती तिथेच राहिली. आंबटाने हा रोग वाढतो असे सिद्ध झालेले नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दरवेळी त्रास होत असेल तर तेवढाच टाळावा. त्यासाठी ताटातले निम्मे जिन्नस काढून टाकू नयेत. दूध-ताक सोडल्याने आधीच ठिसूळ होऊ पाहणारी हाडे अधिकच दुबळी होतात.

मग आहाराचा काहीच उपयोग नाही काय? आहे. नॉर्वेतील एका प्रयोगात, जो १९९१ साली प्रसिद्ध झाला, शाकाहारावर ठेवलेल्या रुग्णांच्या वेदना व सूज कमी झाल्याचे दिसले. माशांच्या तेलानेही थोडा आराम पडतो. आपल्याकडे मासे रोज मिळत नाहीत. पण ज्वारीची भाकरी, मटकी, मेथी, शेवग्याचा पाला, तीळ आणि जवसाची चटणी हे ताट कमी मोलाचे नव्हे. मांजरसुंब्याची रबडी चालेल का, असे आम्हांस हमखास विचारले जाते. सणासुदीला चालेल, मात्र वाढलेल्या वजनाचा भार गुडघे आणि पाऊलच वाहतात. मिश्री व विडी मात्र सुटलीच पाहिजे. धूम्रपानाने हा रोग बळावतो, आणि मिश्रीने हिरड्या खराब होतात. हिरड्यांच्या विकाराशीही या रोगाचा संबंध दिसून आला आहे.

तिला आम्ही काही साध्या गोष्टी शिकवल्या. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून हळूहळू मुठी उघडाव्या-मिटाव्या. पातेले बोटांनी न धरता दोन्ही तळव्यांवर उचलावे. हंड्याऐवजी लहान कळशी घ्यावी, कपडे पिळण्याऐवजी निथळत ठेवावेत. सूज असेल त्या दिवशी त्या सांध्याला विश्रांती, एरवी रोज चालणे. अंथरुणाला खिळून राहिल्याने सांधे अधिक आखडतात.

पण खरा आधार आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या मेथोट्रेक्झेटच्या गोळीचा होता. तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. म्हणून आम्ही वार ठरवून देतो, जोडीला फॉलिक आम्ल देतो, ठराविक काळाने रक्त तपासतो. तिला गुण आला. दिवाळी झाली आणि जोडपे कोयता घेऊन ऊसतोडीला गेले. बरे वाटते आहे, पथ्यही चालू आहे, मग गोळी कशाला, असे तिच्या मनाने घेतले. दुखू लागल्यावर कोणा ओळखीच्याने पुडी दिली. अशा निनावी पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत आराम पडतो आणि आतून झीज चालूच राहते. पाडव्याला ती परतली तेव्हा उजव्या हाताची बोटे करंगळीच्या बाजूस कलली होती. ती आता सरळ होणार नाहीत. हे सांगताना आम्हांसही जड जाते, कारण निघण्यापूर्वी चार महिन्यांच्या गोळ्या बांधून देणे आणि कारखान्याजवळ रक्त कोठे तपासावे हे लिहून देणे आमच्याकडून राहिले होते.

देणगीदारांच्या साहाय्यातून आता ऊसतोड कुटुंबांतील अशा रुग्णांना निघण्यापूर्वी तपासून, गोळ्या व वार लिहिलेले कार्ड दिले जाते. लग्न झालेल्या मुलींना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो: ही गोळी गर्भास घातक आहे. मूल हवे असेल तर आधी आमच्याकडे यावे, काही महिने अगोदर औषध बदलता येते.

आमच्या या रुग्णेचे औषध नुकतेच बदलले आहे. सकाळच्या भाकरी सासूबाई थापतात, संध्याकाळचा स्वयंपाक ती करते. पुढची रक्ततपासणी संक्रांतीनंतर आहे.