हसऱ्या बोलपटाची करामत

चित्रपटाला वाचा फुटली आणि तो तत्काळ गाऊ लागला. अमेरिकेत १९२७ साली ‘जाझ सिंगर’ निघाला. १९२९ मध्ये अर्न्स्ट लुबिचने ‘लव्ह परेड’मध्ये राणी आणि तिचा नवरा यांचा रुसवाफुगवा गाण्यांतून रंगविला. मराठी बोलपट १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ने सुरू झाला. गाण्यांचा त्याला तोटा नव्हता. संगीत रंगभूमीची पुण्याई पाठीशी होती. खळखळून हसणारी, आजच्या माणसांची गोष्ट मात्र पडद्यावर क्वचितच दिसे.

ती उणीव १९३८ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सच्या ‘ब्रह्मचारी’ने भरून काढली. दिग्दर्शक व नायक मास्टर विनायक, लेखक आचार्य अत्रे आणि संगीतकार दादा चांदेकर असा हा योग होता. माणसाला एखादे खूळ लागले म्हणजे त्याची कशी त्रेधा उडते, हे अत्र्यांनी ‘साष्टांग नमस्कार’ नाटकात १९३३ मध्येच दाखविले होते. येथे औदुंबर नावाचा तरुण ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून भारावतो, जपून ठेवलेली नटनट्यांची चित्रे फेकून देतो, व्यायामाला लागतो आणि आश्रमाची वाट धरतो. तेथे किशोरी येते, आणि निश्चय डळमळू लागतो.

मीनाक्षी शिरोडकर यांनी त्यात पोहण्याचा पोशाख घालून गाणे म्हटले. गहजब झाला तो त्या पोशाखाचा. पण खरी धिटाई गाण्यातच होती. विषय यमुनेचा नि कान्हाचा, म्हणजे गौळणीतला. जुना आणि घरोघर मान्य. गौळणीत खोडी काढतो तो कृष्ण. येथे खेळायला बोलावते ती मुलगी, आणि भांबावतो तो पुरुष. आपली आवड आपण होऊन सांगणारी नायिका प्रेक्षकांनी हसतहसत पाहिली. तीच गोष्ट कोणी गंभीर भाषणात मांडली असती, तर केवढे वादळ उठते!

अत्र्यांनी संयमाची थट्टा केली, असे समजणे चूक होय. त्यांचा रोख उसन्या निश्चयावर होता. व्रते, आश्रम आणि देशसेवा यांचा तो काळ होता. अशा काळात खऱ्या निष्ठेच्या सावलीत नकली निष्ठाही सुखाने वाढते. तिला ओळखावे कसे? औदुंबराचे व्रत व्याख्यानाने आले होते. ते एका गाण्याने गेले. मनापासून घेतलेले व्रत एवढे स्वस्तात सुटत नाही, एवढेच हा बोलपट सांगतो; आणि तेही हसतहसत.