अंगात येणे नव्हे, मेंदूचा आजार
(संस्थेच्या आरोग्य शिबिरात दिलेले भाषण)



फिट म्हटली की माणूस पडला, तोंडाला फेस आला, शुद्ध हरपली, हेच चित्र आपल्यापुढे उभे राहते. पण फिटच्या एका दुर्मिळ प्रकारात यातले काहीच घडत नाही. नुसता अंगठा, मनगट किंवा ओठाचा कोपरा उडत राहतो. तासन् तास, दिवसेंदिवस, क्वचित वर्षानुवर्षे. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो. म्हणून कोणी म्हणते ढोंग, कोणी म्हणते बाहेरचे.

मॉस्कोचे डॉक्टर अलेक्सेई कोझेवनिकोव्ह यांनी १८९४ साली या आजाराचे वर्णन केले. आपल्या उजव्या हाताची हालचाल डाव्या मेंदूच्या ताब्यात असते, डाव्या हाताची उजव्या. मेंदूच्या त्या पट्ट्यातील लहानसा भाग बिघडला की तेथून विजेचे ठोके सुटत राहतात. ते पसरत नाहीत, म्हणून शुद्ध जात नाही. मेंदूचा विद्युत आलेख कधी कधी निर्दोष येतो. तेवढ्यावरून रुग्णाला खोटा ठरवू नये.

कारणे अनेक आहेत. रशियात गोचिडीच्या चाव्याने होणारा मेंदूज्वर, इतरत्र पक्षाघात, मेंदूतील गाठ. लहान मुलांत मेंदूच्या एकाच बाजूला होणारा दाह, जो डॉ. रासमुसेन यांनी १९५८ साली वर्णिला. तेथे औषधे अपुरी पडतात, कधी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

पण प्रौढांतील एक कारण साधे आहे : रक्तातील साखर बेसुमार वाढणे. मधुमेह आहे हे ठाऊकही नसते आणि हात उडणे हेच पहिले लक्षण ठरते. साखर आटोक्यात आली की हात बहुधा थांबतो. म्हणजे रक्ताच्या एका थेंबाने जे कळले असते, त्यासाठी आपण लिंबू उतरवीत दिवस घालवितो!

आणखी एक. फिट येणाऱ्या मुलीचे दुखणे लग्नासाठी लपविले जाते, औषध बंद होते. आपल्यालाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची आडकाठी १९९९ सालीच काढून टाकली आहे.

दुःखाला कारण असते, हे तथागतांनी शिकविले. विद्यार्थी मित्रांनो, वस्तीत कोणाचा हात असा उडत असेल तर त्याला त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या, साखर तपासायला सांगा. वंदना विहारात होते. धम्म असा आचरणात येतो.

नमो बुद्धाय. जयभीम.