तिळगुळाचा ठसा

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील शुभेच्छापत्र-कार्यशाळेच्या आरंभी, जयपूर येथे केलेले भाषण)



सभागृहात येताना डाव्या हाताच्या भिंतीवर दोरीला चिमट्यांनी टांगलेली संक्रांतीची शुभेच्छापत्रे आपण पाहिली असतील. त्यांच्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. आम्ही म्हणजे ती पत्रे करणारी मंडळी; आज सात जणी आणि दोघेजण. आमच्यांत कोणी चित्रकार नाही, कोणी मुद्रक नाही. हात शाईने माखलेले असताना आम्ही पुष्कळ बोलतो. ध्वनिक्षेपकासमोर बोलण्याचा सराव मात्र नाही. तेव्हा बोलणे थोडे इकडचे तिकडे झाले तर आपण सांभाळून घ्यालच.

जयपुरात संक्रांत म्हणजे पतंग, हे आपणांस सांगायला नको. चौदा जानेवारीला सारे शहर गच्चीवर असते. गजक आहे, फिणी आहे, तिळाचे लाडू आहेत. सणात उणे असे काहीच नाही. आम्हांला उणे वाटले ते एका लहानशा पाकिटाचे. आपल्याकडे जानेवारी उजाडला की पोस्टमन ती पाकिटे आणून टाकीत असे. आत रंगीत कार्ड, आणि कार्डाच्या घडीत कागदाची इवलीशी पुडी. पुडीत काटेरी हलव्याचे आठदहा दाणे. निम्मे दाणे वाटेतच फुटलेले असत आणि उरलेल्यांवर घरात भांडण होई. येथील बाजारात दिवाळीची कार्डे मिळत, नववर्षाची मिळत. संक्रांतीचे मराठी कार्ड मात्र कोठेही मिळेना. तेव्हा आपणच ते करावे असे ठरले.

पहिल्या वर्षी आम्ही सोपी वाट धरली. ‘तिळगूळ’ हा एक शब्द सुवाच्य अक्षरांत लिहून एका दुकानी रबरी शिक्का करावयास दिला. शिक्का आला, दीडशे कार्डांवर उमटला, पत्ते लिहून झाले, पाकिटे पेटीत पडली. आठवड्याभराने साताऱ्याहून आमच्यातल्या एकीच्या आत्याबाईंचे पोस्टकार्ड आले. तिळगूळ पोचला, दाणे शाबूत आहेत, पण तुमचा ळ कोठे सांडला? असे त्यांनी विचारले होते. आम्ही शिक्का पुन्हा पाहिला. त्यावर स्वच्छ ‘तिलगुल’ असे होते! दुकानदाराने आमच्या लिखाणातली चूक आपण होऊन सुधारली होती. त्याला दोष तरी काय द्यावा? न पाहता दीडशे ठसे मारणारे हात आमचेच होते. परंतु ते पोस्टकार्ड मनाला लागले. घरापासून हजार-बाराशे किलोमीटरांवर राहणाऱ्यांनी घरी पाठवलेल्या एकुलत्या एका शब्दातून नेमके आपलेच अक्षर गळावे, हे काही बरे झाले नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही सांगानेरला, कापडछपाईचे ठोकळे कोरणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे गेलो. या वेळी आमच्यापैकी दोघी शेवटपर्यंत समोर बसून राहिल्या. आम्ही ळ दाखवून समजावू लागलो, तो म्हातारबाबा हसले. त्यांचे घराणे मारवाडातले. ते म्हणाले, “यह तो हमारे घर का अक्षर है.” ‘काळो’ म्हणताना, ‘जळ’ म्हणताना त्यांच्या जिभेवर तो रोजच होता, शाळेत मात्र तो कोणी लिहावयास शिकवला नव्हता. आपण या प्रदेशात परके आहोत असे आम्ही मानीत होतो. आमचे अक्षर येथे आमच्या आधीपासून नांदत होते, याचा पत्ता आम्हांला तेव्हा लागला.

मग शुद्धलेखनाचा वाद उपस्थित झाला. गू दीर्घ की ऱ्हस्व? आमच्यांत एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी निर्णय दिला: तीळ एकटा असतो तेव्हा दीर्घ, गुळाला मिळाला की ऱ्हस्व, आणि गूळ शेवटी बसतो म्हणून त्याचा ऊकार दीर्घच राहावयाचा. तिळाने स्वतःला आखडते घेतल्याखेरीज तिळगूळ होत नाही, असे त्या म्हणाल्या. यात व्याकरण किती आणि संसार किती, हे आपणच ठरवा.

ठोकळा शिसवीचा. लाकूड घासून अगदी सपाट करतात, त्यावर खडूचा पांढरा हात देतात आणि मग आकृती उतरवतात. न उमटणारा भाग बारीक पटाशांनी आणि कमानीच्या गिरमिटाने खोल काढतात. हवा कोंडून राहू नये म्हणून मोठ्या ठोकळ्याला आरपार भोकेही पाडतात. कोरून झाला की तो कित्येक दिवस तेलात मुरत ठेवतात. हे शेवटचे कलम लक्षात असू द्यावे; त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

ठशावरचे अक्षर उलटे असावे लागते, हे सर्वांना ठाऊक असते आणि हातात पटाशी घेतल्यावर सर्वजण ते विसरतात. आमच्या पहिल्या बालवर्गात एका चिरंजीवांनी खोडरबरावर मोठ्या मेहनतीने सुलटा ‘तिळगूळ’ कोरला आणि कागदावर उमटलेले पाहून त्यांना रडू कोसळले. युक्ती साधी आहे. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने शब्द लिहावा, कागद पालथा घालून नखाने घासावा. ठोकळ्यावर अक्षर आपोआप उलटे उतरते. उलट्या शब्दात ‘ति’ची वेलांटी उजवीकडे जाते, गचा दंड डावीकडे येतो. ळ मात्र आरशात पाहिला तरी बराचसा तसाच दिसतो, म्हणून तो मुलांना सर्वांत आधी साधतो. जावजी दादाजींच्या निर्णयसागराचे सुबक खिळे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी क्षणभर कल्पना करावी: त्यांतले एकूणएक अक्षर प्रथम पोलादी दांड्याच्या टोकावर कोणीतरी असेच उलटे कोरले होते. तो दांडा तांब्यात ठोकावयाचा, तांब्यातल्या खळग्यात धातू ओतावयाचा, तेव्हा कोठे खिळा पडावयाचा. आपल्या भाषेला ठशाचे कौतुक तसे जुनेच आहे. मराठेशाहीत पत्राच्या आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब उमटवीत. दोन्ही उमटले म्हणजे पत्र पुरे झाले, पुढे कोणी अक्षर घुसडू शकत नसे. शिक्कामोर्तब हा शब्द आपण बैठकीत येताजाता वापरतो, परंतु दोन्ही टोकांना ठसे असलेला तो कागद आपल्या डोळ्यांपुढे येत नाही.

आता कागद. सांगानेरच्या कागजी मंडळींचा हातकागद आम्ही वापरतो. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचे नाव आपणांपैकी काहींनी ऐकले असेल. तोच धंदा, तेच नाव. होजिअरीच्या कारखान्यातील सुती कातरण कुटून तिचा लगदा करतात, जाळीवर तो उचलतात, कापडावर पालथा घालून दाबतात आणि दोरीवर वाळवतात. या कागदाला खळ किती दिली आहे, हे घेण्यापूर्वी पाहावे. खळ कमी असेल तर शाई टिपकागदासारखी पसरते आणि ळच्या दोन्ही पोकळ्या भरून जातात. कोपऱ्यावर शाईचा एक ठिपका देऊन पाहिला की कळते. कागदाखाली जाड कापडाची घडी असावी. छिपेही आपल्या मेजावर अशीच गादी करतात. शाई फडक्यावर ओतून ठोकळा बुडवू नये. छपाईची घट्ट शाई रबरी रुळाने पातळ फिरवावी, ठोकळा सरळ टेकवावा, तळहाताने एकदा दाबावा आणि सरळ उचलावा. उचलताना हात हलला की सारे श्रम वाया.

वजनाचा हिशेबही सांगून ठेवतो. टपालाचा पहिला दर वीस ग्रॅमपर्यंत लागतो. चौरस मीटरला दोनशे ग्रॅम भरणारा कागद घेतला, तर एकवीस सेंटिमीटर लांब आणि पंधरा रुंद तुकडा सव्वासहा ग्रॅमांच्या आसपास होतो. पाकिटाचे पाच धरा. राहिले आठ-नऊ ग्रॅम. त्यांत हलवा बसवावा.

उठावाचे काम आमचे सर्वांत आवडते. भिंतीवरील कार्डांवर पांढऱ्यावर पांढरा पतंग आहे. तो लांबून दिसत नाही, म्हणून पुष्कळांनी तो पाहिलाच नसेल. तेथे शाईचा थेंबही नाही. जुन्या क्ष-किरण फिल्ममध्ये पतंगाच्या आकाराची खिडकी कापावी, ती फिल्म दिवसाउजेडी खिडकीच्या काचेवर चिकटवावी, तिच्यावर कार्ड दर्शनी बाजू काचेकडे करून धरावे आणि पाठीमागून आकाराच्या आतल्या कडेने क्रोशाच्या सुईचे गुळगुळीत टोक फिरवावे. कागदावर आधी मेणबत्ती हलकी घासली तर सुई अडखळत नाही. पहिल्या फेरीत जोर लावू नये, कागद फाटतो. तीनचार फेऱ्यांत पतंग हळूहळू वर येतो. एका आजींना डोळ्यांनी फार थोडे दिसते. त्यांनी बोट फिरवून पतंगाची शेपटी मोजली आणि एक फीत कमी आहे असे सांगितले. तिकडे आमचे कोणाचेच लक्ष गेले नव्हते.

याच कामाचा एक जुना दाखला आहे. १८५२ साली सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी काढलेले ‘सिंध डाक’ हे आशियातले पहिले चिकटवावयाचे टपाल तिकीट. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून आपलाही त्यावर थोडा हक्क पोचतो. ते तिकीट ठशाने उठवलेले होते. प्रथम लाल लाखेसारख्या पातळ चकतीवर काढले, ती तडकू लागली; मग पांढऱ्या कागदावर शाईवाचून नुसता उठाव काढला, तो मंद उजेडात दिसेना; अखेर निळा रंग दिला. १८५४ मध्ये साऱ्या देशासाठी तिकिटे निघाली आणि ‘सिंध डाक’ बंद झाले. आमच्या पांढऱ्या पतंगालाही हाच दोष आहे, तरी आम्ही त्याला निळा केलेला नाही. टपालाच्या तारखेचा शिक्का मात्र उठावाचा शत्रू. म्हणून पतंग पाकिटाच्या तिकिटाकडील कोपऱ्यात येऊ देऊ नये.

भुकटीचा उठाव आम्ही क्वचितच करतो. ओल्या ठशावर ती भुरभुरवून, जास्तीची झटकून, उष्णता दिली की वितळून चमकते. केस वाळवण्याच्या यंत्राने हे होत नाही. भुकटी उडून जाते. साच्याने पतंग कापण्याचे काम छापखान्यात करून घेतो: प्लायवूडमध्ये वाकवून बसवलेली पोलादी पट्टी आणि कागद सुटावा म्हणून शेजारी स्पंजाचे तुकडे. हातकागदाची जाडी सारखी नसल्याने काही पतंग अर्धवट लटकतात, ते घरी कात्रीने सोडवावे लागतात. करंजीच्या पितळी कातण्याने कडेला नागमोडी रेघ उठते, ती कोणत्याही साच्याहून आम्हांला अधिक आवडते.

आता थोडे अप्रिय. मागील मे महिन्यात आमचा ठोकळा तडकला. उन्हाळ्यापूर्वी त्याला तेल पाजावयाचे असते. ते राहिले, आणि ती चूक आमची. चीर बरोबर मधोमध, पहिला ळ आणि गू यांच्यामध्ये गेली आहे. कोरणारे म्हातारबाबा आता नाहीत. त्यांच्या मुलाने ते काम सोडले. कार्यकारिणीत सूचना आली की एवढा खटाटोप आता कशासाठी? एक सुंदर चित्र करून सर्वांच्या मोबाइलवर धाडावे. खर्च नाही, श्रम नाहीत, चौदा तारखेला सकाळी सर्वांना एकाच वेळी पोचेल. सूचना सद्‌हेतूने आलेली आहे, आणि ज्या घरांत आता टपाल नियमित पोचत नाही, तेथे आम्हीही चित्रच धाडतो.

परंतु आमच्या वहीतला एक हिशेब कार्यकारिणीपुढे ठेवला पाहिजे. या कामास बसलेल्या मुलांपैकी बहुतेकांची शाळा हिंदी किंवा इंग्रजी आहे. ती घरी मराठी बोलतात, लिहीत नाहीत. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात पहिला ळ लिहिला तो वहीत नव्हे, तर खोडरबरावर, पटाशीने, उलटा. मोबाइलवरच्या चित्रात तो अक्षर जोडणारा कोणीतरी एक लिहील. बाकीचे सारे तो पुढे पाठवतील. चित्र धाडावे, आमची ना नाही. फक्त त्यातले अक्षर मुलांच्या ठशाचे असावे, एवढाच आमचा आग्रह आहे.

तडकलेला ठोकळा दुसऱ्या मेजावर ठेवला आहे. त्याचा शेवटचा ठसा भिंतीवर टोकाला लावला आहे, मधली पांढरी चीर त्यात दिसेल. नवा ठसा लिनोलियमवर कापावयाचा आहे. तो आमच्यापैकी कोणी कापणार नाही. अकरा ते चौदा वर्षांची तीन मुले आज चहानंतर तो कापावयास बसतील; मोठ्यांनी शेजारी बसावे, मात्र पटाशीला हात लावू नये. कागद माणशी सहा ताव आहेत, त्यांत चुकण्याचे दोन धरलेले आहेत. क्रोशाच्या सुया कमी पडतील. ज्यांच्या पिशवीत असतील त्यांनी द्याव्यात, नाव घालून ठेवावे. हलवा चौथ्या मेजावर आहे आणि तो मोजून ठेवलेला आहे, हे मुलांना कृपया सांगावे. पाकिटे पाच जानेवारीच्या आत पेटीत पडली पाहिजेत. साताऱ्याच्या पत्त्याचे पाकीट आम्ही आधीच लिहून ठेवले आहे. त्यात घालण्याचे कार्ड तेवढे नव्या ठशाचे, आणि पहिले, असावे.