देवमाशाचे दर्शन
(भरे, तालुका मुळशी, येथील ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



डोंगराच्या कुशीतील या भरे गावी समुद्रातील देवमाशाविषयी बोलावयास आम्ही उभे राहिलो, याचे आपणांपैकी कित्येकांस नवल वाटले असेल. परंतु समुद्र आपणांस वाटतो तितका परका नाही. मुळशीच्या धरणात अडविलेले मुळेचे पाणी बोगद्यातून व नळांतून सह्याद्रीखाली भिरा येथील वीजघरात उतरते, तेथून कुंडलिकेस मिळते, आणि कुंडलिका रेवदंड्यास सागराला भेटते. त्याच रेवदंड्याच्या किनाऱ्यावर २०१५ च्या जून महिन्यात सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत येऊन लागला. ग्रामस्थांनी व वनखात्याच्या लोकांनी त्याला पाण्यात लोटण्याची शिकस्त केली; तथापि तो वाचला नाही. शिवाय ताम्हिणी घाट उतरून कोकणात सहलीस जाणारी आपली मंडळी आता थोडी नाहीत. तेव्हा या पाहुण्याची ओळख आपणांस असणे अगत्याचे आहे.

देवमासा नावाने मासा असला, तरी वस्तुतः तो सस्तन प्राणी होय. तो पिलास दूध पाजतो आणि श्वास घेण्यासाठी त्यास वारंवार पाण्यावर यावे लागते. म्हणूनच किनाऱ्यावरून पाहणाऱ्यास प्रथम देवमासा दिसत नाही. दिसतो तो त्याचा उच्छ्वास. निळ्या देवमाशाचा तुषारस्तंभ सरळ व उंच, सुमारे ३० फुटांपर्यंत चढतो. हंपबॅक या कुबडधारी देवमाशाचा बुटका व झुडुपासारखा पसरट असतो. स्पर्म व्हेलचा पुढे डावीकडे कललेला असतो. वारा पडलेला असावा, उंच कड्यावर अथवा किल्ल्याच्या तटावर बैठक असावी, आणि पाहणाऱ्यापाशी धीर असावा. या दर्शनाची साधने एवढीच.

होडीतून होणारी भेट अधिक जवळची, आणि म्हणूनच अधिक जबाबदारीची. २०१५ साली सिंधुदुर्गातील कुणकेश्वरच्या समुद्रात संशोधकांना निळे देवमासे आढळले. पुस्तकांत वाचलेला जगातील सर्वांत मोठा प्राणी आपल्याच दारी वावरतो, हे त्या योगाने सिद्ध झाले. हर्णै-मुरूड, तारकर्ली येथे डॉल्फिन पाहण्यासाठी होड्या नित्य निघतात. डॉल्फिन हादेखील देवमाशाचाच भाऊबंद. त्याच्या मागे चार होड्या एकदम धावल्या, यंत्रांचा गोंगाट झाला, की तो भक्ष्य सोडून दूर पळतो आणि आई व पिलू यांची ताटातूट होण्याचा संभव असतो. अनेक देशांत मोठ्या देवमाशापासून निदान १०० मीटर अंतर राखण्याचा दंडक आहे. होडी समोरून आडवी घालू नये, बाजूने सावकाश न्यावी, आणि जवळ येणे वा न येणे त्या प्राण्याच्या मर्जीवर सोडावे.

मनुष्याने या प्राण्याशी केलेला व्यवहार फारसा भूषणावह नाही. १९६५ व १९६६ या दोन वर्षांत सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात २४२ कुबडधारी देवमासे चोरून मारले. येथील कुबडधारी देवमासे इतरांप्रमाणे ध्रुवाकडे जात नाहीत; बारमाही याच समुद्रात राहतात. ओमानच्या बाजूस आता त्यांची संख्या शंभराहूनही कमी असावी, असा अंदाज आहे. १९७९ साली हिंदी महासागर देवमाशांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला, परंतु गेलेला वंश अभयाने लगेच भरून येत नाही. या थोड्यांपैकी एका मादीचे नाव ‘लुबान’. लुबान म्हणजे आपला धूपातला लोबान. २०१७ च्या नोव्हेंबरात ओमानच्या संशोधकांनी तिच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसविले. ती समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली, दक्षिणेकडे गेली आणि पुन्हा ओमानला परतली. जो लोबान पूर्वी अरबी गलबतांतून आपल्या बंदरांत उतरत असे, त्याच नावाची ही जीवही त्याच वाटेने आली!

आता दोन कटू गोष्टी सांगणे प्राप्त आहे. पहिली गर्दीची. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्यास देवमाशाचे पिलू वाळूत रुतले. लोकांनी पाणी ओतून त्याचे अंग भिजत ठेवले, मोठ्या प्रयासाने ते खोल पाण्यात सोडले; तरीही ते दगावले. पाण्याबाहेर या प्राण्याच्या स्वतःच्या वजनानेच त्याची छाती दबते व अंग तापते. अशा वेळी पाठीवर चढणे, शेपूट ओढणे, छायाचित्रासाठी कोंडाळे करणे ही क्रूरता होय. वनखात्यास तत्काळ कळवावे, अंग ओले ठेवावे, मात्र डोक्यावरील श्वासरंध्रात पाणी जाऊ देऊ नये, आणि गर्दी हटवावी.

दुसरी गोष्ट लोभाची. स्पर्म व्हेलच्या आतड्यात म्हाकुळाच्या न पचलेल्या चोचींभोवती अंबर तयार होते. लोक त्यास उलटी म्हणतात. त्याच्या कोट्यवधींच्या किमतीच्या वार्ता ऐकून मुंबई-पुण्याकडील कित्येक तरुण तस्करीच्या आरोपाखाली पकडले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देवमाशास सर्वोच्च संरक्षण दिलेले असून अंबराचा व्यापार हा गुन्हा आहे. ज्याने समुद्र पाहिला नाही अशा मुलाने दुसऱ्याच्या बोलण्यावर भुलून आयुष्याची नासाडी करून घ्यावी, याहून मोठे दुर्दैव ते कोणते? घरोघरी वडीलधाऱ्यांनी हे मुलांस स्पष्ट सांगावे.

याउलट कोळी बांधवांचे उदाहरण पाहावे. जाळ्यात सापडलेल्या संरक्षित प्राण्यास सोडविण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य शासनाने २०१८ साली सुरू केली. ज्याचे पोट त्या जाळ्यावर आहे तो जर ते कापू शकतो, तर एका दिवसाच्या सहलीस गेलेल्या आपण थोडे अंतर राखण्यास काय हरकत आहे?

आमची विनंती एवढीच, की मंडळाच्या पुढील सहलपत्रकात तीन नियम छापावेत: होडीवाल्यास पाठलाग करावयास सांगू नये, किनाऱ्यावर लागलेल्या प्राण्याभोवती गर्दी करू नये, अंबराच्या व्यवहारास थारा देऊ नये. देवळात आपण गाभाऱ्याबाहेर हात जोडून उभे राहतो, तेवढ्याने दर्शन उणे होत नाही. देवमाशाचेही तसेच आहे.