दार उघडा, बोजारा द्या!

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी थोडी कबुली देणार आहे.

मागच्या ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी माझ्या फाटकाची कडी वाजली. पडदा सरकवून पाहिलं, तर आपल्याच कॉलनीतली पाच-सहा पोरं. कुणी तोंडाला पीठ फासलेलं, कुणी आईची काळी ओढणी गुंडाळलेली. हॅलोविनचा खाऊ मागायला आली होती. ‘हे काय नवीन थेर!’ म्हणून मी दिवा मालवला आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर ‘ही आपली संस्कृती नाही’ असा संदेश आला, त्यालाही मी अंगठा दाखवला. चार दिवसांनी त्यातलीच एक पोरगी मला म्हणाली, “आजी, तुम्ही घरीच होता ना? आधी लाईट चालू होता.” माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

मग मी विचार करू लागले. हॅलोविन म्हणजे काय? ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस १ नोव्हेंबरला असतो, त्याची आदली रात्र. आयर्लंड-स्कॉटलंडकडची ही जुनी रीत तिथल्या लोकांबरोबर अमेरिकेत गेली. तिकडे आधी सलगम कोरून दिवा करत. अमेरिकेत भोपळा मिळाला. पोरं भुतांची सोंगं घेऊन दारोदार जातात आणि खाऊ मागतात.

आता सांगा, सोंग घेऊन दारोदार जाणं आपल्याला नवीन आहे का?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपला तान्हा पोळा. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासूनची ही रीत सांगतात. पोरं नटूनथटून, कुणी शेतकरी, कुणी शिवाजी महाराज होऊन, लाकडी नंदीबैल ओढत घरोघरी जातात आणि आपण त्यांना बोजारा देतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. टिपऱ्या घेऊन मुली या घरून त्या घरी, गाणी म्हणायची आणि डबा वाजवून खाऊ ओळखायचा. आमच्या लहानपणी दारव्ह्याकडे एका संध्याकाळी सहा-सहा घरं व्हायची.

आणि भीतीचं म्हणाल, तर मारबत आहेच. पोळ्याला दारी पळसाच्या फांद्या ठेवायच्या आणि सकाळी रोगराई, खोकला, मच्छर सगळं घेऊन जा असं ओरडत गावाबाहेर टाकून यायच्या. नागपुरात तर त्याची केवढी मिरवणूक! काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. इंग्रजांना साथ दिल्याच्या रागातून बाकाबाई भोसलेंचं नाव काळ्या मारबतीशी जोडलं गेलं. सोबत बडगे निघतात. त्यात महागाई, भ्रष्टाचार, त्या-त्या वर्षी लोकांना छळणारं जे असेल ते. आपल्याला छळणाऱ्या गोष्टीला तोंड द्यायचं, तिच्यावर हसायचं आणि तिला वेशीबाहेर काढायचं. इतवारी-महालच्या त्या गर्दीत जाऊन पाहा एकदा, मग कळेल.

पण मंडळी, खरी गोष्ट पुढेच आहे. एवढं सगळं आपलं असताना यंदा तान्ह्या पोळ्याला माझ्या दारी किती पोरं आली? तीन. बाकीच्यांचे बैल फोटो काढून कपाटात गेले. भुलाबाई तर एकाही घरी बसली नाही. मग पोरांनी दुसरीकडून सण आणला, तर चूक कुणाची? पोरांना दारं वाजवायची आहेत. आपणच ती बंद केली.

पंचवीस वर्षांपूर्वी इथे सात घरं होती. रस्ता नव्हता; पावसात काळ्या मातीत चप्पल फसायची. तरी रात्री-बेरात्री कुणाच्याही घरी जाता येत होतं. आता रस्ता सिमेंटचा झाला, घरं बत्तीस झाली, आणि समोरच्या रांगेतल्या नव्या बिऱ्हाडाचं आडनाव मला माहीत नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना. पुढच्या तान्ह्या पोळ्याला प्रत्येक फाटक उघडं राहील आणि प्रत्येक घरी बोजारा तयार असेल. दुसरी, पोरांनी कॉलनीचा एक बडग्या करावा: वाया जाणाऱ्या पाण्याचा, नाहीतर नालीत टाकलेल्या कचऱ्याचा. माणसाचा नाही, सवयीचा. कागद-बांबूचाच, थर्माकोल नको. तिसरी, कोजागिरीला मैदानात एक सार्वजनिक भुलाबाई, आणि त्यात मुलगेही चालतील.

आणि ३१ ऑक्टोबरला पोरांना भूत व्हायचंच असेल, तर होऊ द्या. कोहळं कोरा, दिवा लावा. आतला गर मात्र फेकू नका, माझ्याकडे आणून द्या. मी त्याची बोंडं करीन. त्या दिवशी माझा दिवा चालू राहील, फाटकही उघडं राहील. मागच्या वर्षीचं देणं बाकी आहे, ते तेवढं फेडू द्या.