स्वमग्न मुले, पोलीस आणि आपले कर्तव्य



वार्षिक संमेलनात मी दोन शब्द बोलावे अशी आज्ञा चिटणीसांनी केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली. निवृत्त शिक्षकाने शिक्षणाविषयी बोलावे अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. मीही शिक्षणाविषयीच बोलणार आहे. परंतु आज जे शिकावयाचे आहे ते मुलांनी नव्हे, तर माझ्यासारख्या वडीलधाऱ्यांनी.

प्रथम एक प्रसंग निवेदन करतो. तो माझ्या थोरल्या भगिनीच्या नातवाचा आहे. त्याच्या आईची अनुमती घेऊनच तो सांगत आहे. नावगाव मात्र सांगत नाही. मुलगा १९ वर्षांचा. त्याला स्वमग्नता आहे. रोज सायंकाळी एस. टी. स्थानकावर जावे, ठरलेल्या फलाटापाशी उभे राहावे, येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचाव्या आणि दिवे लागले की घरी परतावे, हा त्याचा अनेक वर्षांचा नेम. एके दिवशी तेथे एका बाईंची पिशवी दिसेनाशी झाली. मुलगा हात झटकीत, स्वतःशी पुटपुटत उभा होता. लोकांना त्याचाच संशय आला. जमावाने त्याला धरून पोलीस चौकीत नेले. शिपायाने विचारले, "पिशवी तू घेतलीस?" मुलगा म्हणाला, "पिशवी तू घेतलीस." शिपायाला ते उर्मट उत्तर वाटले. "माझ्याकडे बघून बोल," असे तो दरडावून म्हणाला. मुलाने मान अधिकच वळविली. तेव्हा त्याच्या कानशिलात बसली. मुलाने स्वतःचाच हात रक्त येईपर्यंत चावला.

त्याची सुटका कोणी केली? आम्ही आप्तांनी नव्हे. नेहमीचा मुलगा फलाटावर दिसेना, म्हणून एका एस. टी. वाहकाने चौकशी केली आणि तो धावत चौकीत गेला. "साहेब, हा पोरगा कोणाच्या वस्तूला हात लावीत नाही. त्याला जरा बसू द्या, मी त्याच्या आईला बोलावून आणतो," असे त्याने सांगितले. पिशवी त्या बाईंच्याच दिराने उचलून गाडीत ठेवली होती, हे पुढे अर्ध्या तासात उघडकीस आले. मुलाला सोडून दिले. परंतु पुढे कित्येक महिने तो घराचा उंबरठा ओलांडीना.

हे ऐकले तेव्हा मला प्रथम त्या शिपायाचा संताप आला. रात्री अंथरुणावर पडलो आणि निराळीच आठवण झाली. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. प्रश्न विचारला की तो प्रश्नच पुन्हा म्हणे. नजरेला नजर देत नसे. "माझ्याकडे बघून उत्तर दे," असे बजावून मी त्याला छडी मारीत असे. त्याने पुढे शाळा सोडली. त्या शिपायाच्या तोंडचे शब्द माझेच होते. तोही कोणा शिक्षकाच्याच हाताखाली शिकला असेल. म्हणून आज मी कोणावर दोषारोप करण्यास उभा राहिलेलो नाही.

स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे, आणि आईबापांच्या वळणाचाही तो दोष नव्हे. १९४३ साली लिओ कॅनर या वैद्याने अमेरिकेत अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून या अवस्थेचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. मेंदूची घडणच जन्मापासून निराळी असते. काही जण मुळीच बोलत नाहीत, तर काही अस्खलित बोलतात, पदवी मिळवितात, नोकरी करतात. तथापि दुसऱ्याच्या मनातील अभिप्राय ओळखणे, अचानक झालेला बदल सोसणे, गोंगाट, तीव्र प्रकाश अथवा परक्याचा स्पर्श सहन करणे त्यांतील अनेकांना फार जड जाते.

आता पोलिसांच्या दृष्टीने विचार करा. गुन्हेगार ओळखण्याच्या ज्या खुणा त्यांच्या अंगवळणी पडलेल्या असतात, त्याच नेमक्या या निरपराध मुलाच्या ठिकाणी दिसतात. नजर चुकविणे, उत्तरास विलंब लावणे, हाक मारताच पळणे, हात झटकणे, अंगाला हात लावताच झोंबाझोंबी करणे, या सर्वांचा अर्थ पोलीस अपराध असा लावतात. वस्तुतः त्याच्या मुळाशी भीती असते. त्याहून घातक गोष्ट म्हणजे ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणण्याची सवय. "तू चोरी केलीस ना?" या प्रश्नावर "चोरी केलीस ना" असे उत्तर आले, तर ऐकणाऱ्याला तो कबुलीजबाब वाटण्यास कितीसा वेळ लागणार?

असे आपल्याकडेच घडते असे नाही. १८ जुलै २०१६ रोजी अमेरिकेतील नॉर्थ मायामी या शहरी एक स्वमग्न तरुण आपल्या निवासगृहातून बाहेर पडून रस्त्यात बसला होता. त्याच्या हातात खेळण्यातली मोटार होती. कोणीतरी ती पिस्तूल समजून पोलिसांना कळविले. त्याला परत नेण्यास आलेला सेवक दोन्ही हात वर करून रस्त्यावर उताणा पडला आणि हे खेळणे आहे, हे ओरडून सांगू लागला. तरीही एका पोलिसाने गोळी झाडली. त्याचा नेम स्वमग्न तरुणावर होता. गोळी लागली ती त्या सेवकाच्या पायाला. सुदैवाने दोघेही वाचले.

आपल्याकडे पोलिसाच्या बंदुकीपेक्षा जमावाचे भय अधिक आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारे समजून जमावाने भिक्षेकरी समाजातील पाच जणांना ठार मारले. ते पाचही जण बोलू शकत होते, आपण कोण हे सांगू शकत होते. तरीही त्यांचे कोणी ऐकले नाही. मग ज्याला आपले नावही नीट सांगता येत नाही, त्याची अशा वेळी काय गत होईल?

परदेशांत या बाबतीत काही प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेत मेम्फिस शहरी १९८७ साली एक मनोरुग्ण पोलिसांच्या गोळीने मरण पावल्यावर पुढील वर्षी तेथे पोलिसांसाठी ४० तासांचे विशेष शिक्षण सुरू झाले आणि ती पद्धत पुढे इतर अनेक शहरांत गेली. इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीसविषयक कायद्याखालील नियमांनुसार अशा दुर्बल व्यक्तीची जबानी घेताना तिच्या बाजूने एक जबाबदार प्रौढ माणूस उपस्थित असावा लागतो.

आपल्याकडेही कायदा अगदीच मुका नाही. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या २१ प्रकारांना मान्यता दिली, त्यांत ती आहे. दिव्यांगावर अत्याचार झाल्याचे कळताच त्याला संरक्षणाचा, मोफत कायदेशीर मदतीचा आणि तक्रारीचा हक्क समजावून सांगणे हे त्या कायद्याच्या ७ व्या कलमाने पोलिसांचे कर्तव्य ठरविले आहे. दिव्यांगाची जाहीर विटंबना करणाऱ्यास ९२ व्या कलमाखाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७९ व्या कलमाप्रमाणे, गुन्ह्याची माहिती असलेल्या दिव्यांगास जबानीसाठी त्याच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र येण्याची सक्ती करता येत नाही. परंतु कायदा पुस्तकात असून भागत नाही. ज्या शिपायापुढे आपला मुलगा उभा राहणार, त्याला तो ठाऊक असला पाहिजे.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. त्या सायंकाळी जमावात आपल्या ज्ञातीतील दोन गृहस्थ होते. त्यांनी मुलाला ओळखले नाही. ओळखणार कसे? कोणत्याही मुंजीस, लग्नास, संमेलनास त्याला आम्ही कधी आणलेच नव्हते. त्याच्या बहिणीचे नाव वधूवर सूचीत होते आणि भावाचे कळल्यास स्थळे परत जातील, असे आम्हा वडीलधाऱ्यांना वाटत होते. असा सल्ला देणाऱ्यांत मी स्वतः होतो, हे येथे कबूल करतो. आम्ही त्याला झाकून ठेवले आणि त्यामुळेच संकटसमयी तो परका ठरला. परक्या वाहकाने त्याला ओळखले, कारण त्याने त्याला रोज पाहिले होते.

यासाठी माझ्या काही नम्र सूचना आहेत. ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी शांततेच्या दिवसांत, काही घडण्यापूर्वीच, मुलाला बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जावे. खेड्यात पोलीस पाटलांना भेटावे. मुलाला गणवेशाची ओळख होईल आणि गणवेशाला मुलाची. दिव्यांग प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून घ्यावे. मुलाच्या खिशात अथवा गळ्यात एक चिठ्ठी असावी: "मला स्वमग्नता आहे. मला हात लावू नका, हळू बोला, या क्रमांकावर कळवा." मूल हरवल्यास ११२ क्रमांकावर तात्काळ कळवावे, आणि प्रथम विहीर, नदी, तलाव पाहण्यास सांगावे, कारण अशा अनेक मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते. मूल १८ वर्षांचे झाल्यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाची व्यवस्था करून घेता येते, तीही विचारात घ्यावी.

पोलीस बंधुभगिनींना, आणि त्यांत आपल्या ज्ञातीचेही अनेक जण आहेत, माझी विनंती अशी की, शंका येताच एकानेच बोलावे, वाक्य लहान असावे, उत्तरासाठी थांबावे. भोंगा बंद करावा, गर्दी दूर करावी. नजरेला नजर देण्याचा आग्रह धरू नये. प्राणावर बेतल्याखेरीज धरपकड करू नये, आणि पालथे पाडून पाठीवर भार तर कधीच देऊ नये, त्याने श्वास कोंडतो. उत्तर प्रश्नासारखेच येऊ लागले की ते लिहून घेण्यापूर्वी घरच्या माणसाला बोलवावे.

आणि आपल्या मंडळाने काय करावे? दरवर्षी गणेशोत्सवापूर्वी ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. तिला आपले प्रतिनिधी जातातच. तेथे हा विषय मांडावा आणि एखाद्या जाणत्या पालकास बोलण्याची संधी मिळवून द्यावी. पुढील संमेलनास अशा मुलांना अगत्याने आणावे. सभागृहाशेजारी एक शांत खोली त्यांच्यासाठी राखावी, ध्वनिक्षेपकाचा आवाज बेताचा ठेवावा. वधूवर मेळाव्यात भावाबहिणीच्या अशा अवस्थेमुळे कोणाचे स्थळ नाकारले जाऊ नये, असा स्पष्ट ठराव आज या सभेने करावा, अशी माझी प्रार्थना आहे.

माझ्या भगिनीचा नातू आता पुन्हा स्थानकावर जाऊ लागला आहे. आरंभी तो वाहक, सुटी असली म्हणजे, त्याच्याबरोबर उभा राहत असे. हल्ली आठवड्यातून दोन दिवस मी जातो. पाट्या वाचताना त्याने माझ्याकडे बघावे, असा आग्रह मी धरीत नाही. इतके शिकावयास मला साठ वर्षे लागली. आपणांस तितकी लागू नयेत, एवढीच माझी इच्छा आहे.